वेब-आधारित मोबाइल ॲपमधील ‘मागे’ बटण : एक चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : मागे बटण, वेब-ॲप, ऑनलाइन अर्ज, वापरकर्ता

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराने शासकीय व शैक्षणिक व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर आले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू होऊन सात-बारावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची झाली. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण महाराष्ट्राला लागू झाली. त्यामुळे महाड तालुक्यातील बिरवाडी किंवा पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातील विद्यार्थ्यालाही नोंदणी, अर्जाचे भाग आणि कमाल १० महाविद्यालयांचा पसंतीक्रम या पायऱ्या क्रमाने पार कराव्या लागतात. अशा बहुपायरी अर्जात चूक दुरुस्त करण्यासाठी हात सहज जातो तो ‘मागे’ बटणाकडे. या बटणाच्या हाताळणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘मागे’ या शब्दाचा अर्थ :

मराठीत ‘मागे’ हा शब्द काळ आणि स्थळ अशा दोन्ही अर्थांनी येतो. ‘मागे एकदा’ म्हणताना काळ अभिप्रेत असतो, तर ‘घरामागे’ म्हणताना जागा. मोबाइलमध्ये हाच संभ्रम तांत्रिक स्वरूपात आढळतो. ब्राउझरचे ‘मागे’ कालक्रमाने आधीच्या पानावर नेते. ॲपच्या माथ्यावरील बाण मात्र पुष्कळदा रचनेतील वरच्या पानावर नेतो. दोन्ही खुणा बाणाच्याच असल्याने वापरकर्त्याला भेद कळत नाही. आयफोनवर तर ॲन्ड्रॉइडसारखे सर्वत्र चालणारे ‘मागे’ बटणच नाही. ॲन्ड्रॉइड १० मध्ये (२०१९) पडद्याच्या कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची सोय आली आणि अनवधानाने मागे जाण्याचा संभवही वाढला.

दोषाचे स्वरूप :

पहिला दोष एकपानी रचनेतून उद्भवतो. अशा ॲपमध्ये पान एकदाच उतरते व पुढील मजकूर त्याच पानात बदलत राहतो. वापरकर्त्याच्या दृष्टीने तो चौथ्या पायरीवर असतो; ब्राउझरच्या इतिहासात मात्र एकाच पानाची नोंद असते. परिणामी ‘मागे’ दाबताच तो तिसऱ्या पायरीवर न जाता ॲपच्या बाहेर पडतो. एचटीएमएल-५ मधील ‘पुशस्टेट’ सुविधेने प्रत्येक पायरीची स्वतंत्र नोंद करता येते. ही सोय उपलब्ध असताना ती न वापरणे ही रचनाकाराचीच उणीव होय.

दुसरा दोष वेबव्ह्यूच्या आवरणात वेबपान बसविलेल्या ॲपचा. आतील पानाला मागे जाण्यास जागा आहे काय, हे आवरणाने आधी विचारावयास हवे. ते न विचारल्यास ॲप थेट बंद होते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. अर्ज वा शुल्क पाठविल्यानंतर मागे जाऊन पुन्हा पाठविल्यास तीच माहिती दुसऱ्यांदा जाण्याचा धोका असतो. यावर ‘कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नका’ ही सूचना सर्रास दिली जाते.

सूचनेची चिकित्सा :

या सूचनेच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की बँक व संकेतस्थळ या दोन स्वतंत्र यंत्रणा असल्याने मधल्या क्षणी व्यत्यय येऊ नये. यात तथ्य आहे. तथापि ही सूचना उपाय ठरत नाही. डोंगराळ भागात नेटवर्क मध्येच खंडित झाल्यास पडदा निश्चल होतो. पैसे गेले की नाही, हे न कळलेल्या पालकाने किती वेळ वाट पाहावी, याचे उत्तर ती सूचना देत नाही. यंत्रणेची जबाबदारी ती वापरकर्त्याच्या बोटावर टाकते. वस्तुतः प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक देऊन त्याच क्रमांकाची दुसरी मागणी नाकारणे आणि अर्ज स्वीकारताच वापरकर्त्याला नव्या पावती-पानावर नेणे, हे उपाय सर्वज्ञात आहेत.

काही रचनाकार याउलट मार्ग पत्करतात. इतिहासात खोट्या नोंदी घालून ‘मागे’ बटण निष्प्रभ केले जाते. हा उपाय दोषापेक्षाही घातक होय. कारण त्यात वापरकर्ता अडकून पडतो. वापरकर्त्याने पानाला स्पर्शही न करता घातलेल्या अशा नोंदी क्रोम ब्राउझर पुढे वगळू लागला, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

निष्कर्ष :

१) ‘मागे’ बटणाने वापरकर्त्याला त्याने शेवटी पाहिलेल्या पायरीवर, भरलेल्या माहितीसह न्यावे.
२) उघडी चौकट असल्यास प्रथम ती बंद व्हावी, अपूर्ण अर्ज सोडण्यापूर्वी विचारणा व्हावी.
३) अर्जाचा मसुदा प्रत्येक पायरीला जतन व्हावा.
४) पुनरावृत्ती रोखण्याचे काम यंत्रणेने करावे.

ज्या घरात एकच मोबाइल आहे व अर्जाची मुदत ठरलेली आहे, तेथे एका चुकीच्या स्पर्शाने अर्ज पुसला गेला तर प्रवेशाची संधी हुकू शकते. मागे वळून चूक सुधारण्याची मुभा कागदी अर्जात खाडाखोडीच्या रूपाने होती. ती मुभा नव्या माध्यमात टिकविणे हा वापरकर्त्याच्या हक्काचा भाग मानला पाहिजे.