प्रॉम्प्टचा साचा आणि भाषेची जाण : एक चिकित्सा

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर अध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गांतून 'प्रभावी प्रॉम्प्ट कसा लिहावा' या विषयाची टिपणे वाटली जाऊ लागली. प्रस्तुत लेखात या टिपणांची चिकित्सा भाषा-अध्यापनाच्या दृष्टीने करावयाची आहे.

सर्व टिपणांचा साचा साधारणपणे एकच असतो : साधनाला भूमिका द्या, संदर्भ सांगा, काम नेमके सांगा, उत्तराचा आकार ठरवा, एखादा नमुना जोडा. यातले अगदीच चुकीचे असे काही नाही. प्रॉम्प्टमध्ये दोन-चार नमुने दिल्यास अनेक कामे अधिक चांगली होतात, हे जीपीटी-3 विषयीच्या 2020 च्या शोधनिबंधात दाखविले गेले होते. पण टिपणकार प्रत्येक युक्तीला कायमचा नियम मानतात. 'टप्प्याटप्प्याने विचार कर' या वाक्याने गणिती प्रश्नांची उत्तरे सुधारतात, असे 2022 मध्ये दिसून आले. 2024 पासून मात्र अशी पायरीवार मांडणी आपणहून करणारी साधने आली आहेत. 'तू नामवंत भाषातज्ज्ञ आहेस' या सुरुवातीचेही तसेच. अशा भूमिका दिल्याने वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे अधिक अचूक होतात असे नाही, असा निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यातून फार तर भाषेचा थाट बदलतो.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याला विषयाचे काय ठाऊक असावे लागते, याविषयी ही टिपणे मौन पाळतात. एक उदाहरण घेऊ. मराठीतून उर्दूत अनुवाद करण्यासाठी पुढील वाक्ये वर्गात दिली असे समजा : 'सभासदांच्या तक्रारी वाढल्यामुळे अध्यक्षांनी राजीनामा दिला. तत्पूर्वी त्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली होती.' यातले तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले, म्हणून उर्दूत तसेच ठेवता येतील असे विद्यार्थ्याला वाटते. पण उर्दूत 'तक्रार' म्हणजे पुनरुक्ती किंवा हुज्जत, 'राजीनामा' म्हणजे समझोत्याचा लेख आणि 'शिकस्त' म्हणजे पराभव. तेथे अनुक्रमे 'शिकायत', 'इस्तीफा' आणि 'कोई कसर न छोडी' अशी रचना हवी.

'राजीनामा' वृत्तपत्रांत रोज येतो. तो साधन बहुधा बरोबर उतरवील. पेशवेकालीन कागदातल्या 'मजकूर' शब्दाचे तसे नाही. आजच्या मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेला भाग. पण 'मौजे मजकूर' किंवा 'सन मजकूर' असे आले की त्याचा अर्थ 'उपरोक्त', म्हणजे उर्दूतला आणि मूळचाच. हा फरक ज्याला माहीत आहे तो प्रॉम्प्टमध्ये लिहील की कागद अठराव्या शतकातला आहे, येथे 'मजकूर' हे विशेषण आहे, आणि संशयित शब्दांना खूण करून दोन्ही अर्थ द्यावेत. ज्याला माहीत नाही त्याने साच्यातली पाचही कलमे भरली तरी हे वाक्य त्याच्या हातून लिहिले जाणार नाही; आणि उत्तर चुकले, तर ते त्याच्या ध्यानातही येणार नाही.

यावर असे म्हणता येईल की, एवढे माहीत असेल तर साधन हवेच कशाला? आक्षेप रास्त आहे; तीन ओळींच्या उताऱ्यासाठी ते नकोच. पण तीस पानांच्या दफ्तराचा पहिला कच्चा अनुवाद हवा असेल, तर जाणकाराचे पुष्कळ श्रम वाचतात. अजाणाचे वाचलेले श्रम मात्र पुढे तपासणाऱ्याच्या माथी येतात.

दखनीच्या बाबतीत साचा अधिकच तोकडा पडतो. हैदराबाद, बेळगाव भागातील आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी दखनी बोलली जाते. मराठीतला 'नको' तिने उचलला आहे आणि जोर देण्यासाठी 'च' ही. साधनाला नुसते 'उर्दू' म्हटले की ते प्रमाण उर्दूकडे जाते, कारण दखनीचा लिखित मजकूर संगणकीय जाळ्यावर तुटपुंजा आहे. येथे नमुना जोडण्याचे कलम खरोखर उपयोगी पडते. पण तो नमुना टिपणात छापलेला नसतो. विद्यार्थ्याला तो आजीच्या तोंडचा ऐकून, जसाच्या तसा उतरवून घ्यावा लागतो. असे आठ-दहा वाक्यांचे टाचण ज्याच्यापाशी आहे, त्याचा प्रॉम्प्ट इंग्रजीत असो वा मराठीत, फारसे बिघडत नाही. (प्रॉम्प्ट इंग्रजीतच लिहावा, हा टिपणांतला आग्रह दखनीपुरता तरी निरर्थक आहे.)

काही महाविद्यालयांत आता प्रॉम्प्ट-लेखनावर अंतर्गत गुण ठेवण्याचा विचार होत असेल, तर गुण साच्याला देऊ नयेत. विद्यार्थ्याने प्रथम उताऱ्यातील संशयित शब्दांची यादी करावी. तो शब्द मोल्सवर्थच्या 1857 च्या आवृत्तीत आणि माधवराव पटवर्धनांच्या 1925 च्या फारसी-मराठी कोशात पाहावा. मोल्सवर्थ अरबी व फारसी शब्दांपुढे तशी खूणही देतो. मग प्रॉम्प्ट लिहावा, आणि आलेल्या उत्तरात कोणता शब्द का बदलला ते समासात नोंदवावे. दहापैकी सहा गुण यादीला व समासातील नोंदींना, तीन अंतिम अनुवादाला आणि एक प्रॉम्प्टला, अशी विभागणी आम्ही सुचवितो.