टॅबचं मौन आणि अनुपलब्धी

आज आपण एका कळीची समीक्षा करणार आहोत. कमांड लाइनवर फाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करायची, टॅब दाबायचा, की उरलेलं नाव शेल पूर्ण करतं. 1989 पासून वापरात असलेल्या बॅश या शेलमध्ये हे काम रीडलाइन नावाची लायब्ररी करते. सोय उत्तमच आहे. आपला आक्षेप आहे तो तिच्या मौनावर. नाव पुढे सरकत नाही, तेव्हा आपण पटकन म्हणतो, 'फाइल नाहीच.' हे बरोबर आहे का?

कुमारिल भट्ट अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. पण एक अट दोघांनाही मान्य आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं ठरत नाही.

टॅबच्या बाबतीत ही अट वारंवार मोडते. एरवी लहान-मोठ्या लिपीतलं अक्षर वेगळं पडलं तरी टॅब गप्प. एकाहून अधिक नावं जुळली तर पहिल्या दाबाला फार तर बीप. यादी दुसऱ्या दाबाला येते. शिवाय बॅश 2.04 पासून प्रत्येक कमांडला पूर्तीचा वेगळा नियम देता येतो. म्हणजे 'अनझिप'चा नियम झिपसारख्या ठरावीक शेपटीच्याच फाइली दाखवतो. शेपूट नसलेली झिप फाइल समोर असूनही सुचवली जात नाही.

मग तपासायचं कसं? आधी 'एलएस'नं यादी बघा. फाइल तिथे असेल तर ऑल्ट दाबून तिरपी रेघ दाबा. ही जोडी कमांडचा नियम बाजूला ठेवून फक्त फाइलींची नावं जुळवते. आता नाव आलं, तर दोष नियमाचा. 'कम्प्लीट'ला 'पी' हा पर्याय जोडला की लागू असलेले नियम दिसतात. 'नोआरसी' या पर्यायानं कोरं बॅश उघडून तुलनाही करता येते.

हा काही नुसता शब्दच्छल नव्हे. फाइल नाही असं समजून त्याच नावात आउटपुट वळवलं, तर जुना मजकूर पुसला जातो. 'सापडलं नाही' आणि 'दाखवायचं नाही' या दोन्हींसाठी यंत्राकडे एकच मौन आहे, ही या रचनेची खरी उणीव. तेव्हा त्या मौनाचा अर्थ लावण्याआधी आपण दिवा लावलाय का, एवढं बघावं.