पहाडी कलम: रंग टिकले, रेषेचे काय?

2023 साली जम्मूच्या कठुआ जिल्ह्यातील बसोहली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. कांगडा चित्रांना आणि चंबा रुमालाला ते आधीच मिळाले होते. पहाडी कलेवर प्रेम करणाऱ्या कुणालाही आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. छापील प्रतीवर ‘कांगडा पेंटिंग’ असे लिहून ती पर्यटकाच्या गळ्यात मारणाऱ्याला निदान कायद्याचा धाक राहील. पण मानांकन रक्षण करते ते नावाचे आणि गावाचे. कागद हाताने घोटला आहे का, रंग दगडाचा आहे का, हे तपासता येते. रेषेत प्राण आहे का, हे कोणत्याही अर्जाच्या रकान्यात भरता येत नाही. पहाडी चित्राचे सगळे बळ तर रेषेत असते. म्हणून या कलेचे शिक्षण आणि जतन यांचा हिशेब रेषेपासूनच मांडायला हवा, आणि तसा मांडला तर चित्र आपल्याला सांगितले जाते तेवढे आश्वासक दिसत नाही.

बसोहलीचा राजा किरपाल पाल याच्यासाठी देवीदास या चित्रकाराने 1695 मध्ये ‘रसमंजरी’ची मालिका पूर्ण केली. हळदीसारखा भडक पिवळा, तापलेला लाल, कपाळापासून नाकापर्यंत एका दमात उतरणारी चेहऱ्याची कड, जाड पांढऱ्या रंगाच्या उंचवट्यांनी उठवलेले मोती आणि पाचूच्या जागी चिकटवलेले भुंग्याच्या पंखांचे हिरवे, चमकते तुकडे. शंभर वर्षांच्या आत याच डोंगररांगांत ‘गीतगोविंद’ची ती कोवळी, चांदण्यात न्हालेली चित्रे झाली, ज्यांना आपण आज कांगडा शैली म्हणतो. या दोन टोकांमधला प्रवास कसा झाला, याचे उत्तर कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी शोधले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळून त्यांनी चित्रकारांची घराणी जुळवली आणि शैलीचा आधार राज्य नसून कुटुंब आहे, असा सिद्धांत 1968 मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या कला-नियतकालिकात मांडला.

त्या वह्यांत गुलेरच्या पंडित सेऊचे घराणे सापडते. मूळचे हे सुतार. सेऊला दोन मुलगे, माणकू आणि नैनसुख. नैनसुख जसरोट्याच्या बलवंत देव या छोट्या संस्थानिकाकडे राहिला, आणि 1763 मध्ये त्या राजाच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला तेव्हा पंड्याच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने नोंद केली, सोबत एक रेखाचित्रही काढले. हे दोघे एकाच बापाच्या हाताखाली शिकले. खाके तेच, कुंचले तेच, रंग कुटण्याचे खलबत्तेही तेच असणार. तरी माणकूने 1730 मध्ये रंगवलेला ‘गीतगोविंद’ बसोहलीच्या धगीला जवळचा आहे. त्याच्या भावाने मात्र आपल्या राजाला दाढी छाटून घेताना, तंबूत बसून पत्र लिहिताना, थंडीत रजई पांघरून विचारात बुडालेला असा रंगवला. भारतीय दरबारी चित्रात राजा इतका माणसासारखा त्याआधी क्वचितच दिसला असेल. आणि पुढे कांगड्याचा राजा संसारचंद याच्या काळी नावाजलेली चित्रे काढणारे या दोघांचेच मुलगे होते.

परंपरा म्हणजे एकच चित्र पिढ्यान्‌पिढ्या काढत राहणे, हा समज या एका घराण्याने खोटा ठरवला आहे. बापाकडून मुलाकडे गेली ती चित्र रचण्याची शक्ती.

ही शक्ती कशी दिली जात असे, याचा पुरावा अपुऱ्या राहिलेल्या चित्रांत आहे. माणकूची लंकेच्या वेढ्याची मालिका पाहावी. सुमारे साठ सेंटिमीटर उंच आणि ऐंशीहून अधिक रुंद असे हे मोठे कागद आहेत. काही पूर्ण रंगलेले, काही अर्धे, काही नुसत्या रेषेत थांबलेले. पहाडी पद्धतीत आधी फिकट तांबड्या रेषेने मांडणी होते. मग काळ्या रेषेने ती दुरुस्त होते. त्यावर पातळ पांढऱ्याचा हात फिरतो, आतली रेघ धूसर दिसत राहते आणि तिच्या आधाराने पुन्हा आखणी होते. प्रत्येक टप्प्यावर चित्रकार आधीच्या रेषेला हो किंवा नाही म्हणत असतो. हात इथे सरकला, मान तिथे थोडी वळली, झाड डावीकडे गेले. त्यानंतर गदकारी, म्हणजे सपाट रंग भरणे. मग चित्र गुळगुळीत दगडावर पालथे ठेवून मागून अकीकाने घोटणे. मग केसाएवढ्या बारीक रेघांचा परदाज आणि शेवटी खुलाई, म्हणजे अखेरची आखणी. खुलाईत सगळे पणाला लागते. पापणीची वरची रेघ नाकाकडून सुरू होते, मध्ये जराशी जाड होते आणि कानाच्या दिशेला जाता जाता विरते. तिचा दाब एका क्षणासाठी चुकला तर राधेच्या नजरेतली वाट पाहणे जाते आणि नुसता बदामी डोळा उरतो.

आता आजच्या वर्गात पाहा. चंबा, कांगडा, धर्मशाळा, बसोहली इथे शिकवणारे हात आहेत, आणि ते फार मोलाचे आहेत. चंब्याचे विजय शर्मा यांनी भुरीसिंह संग्रहालयात राहून मूळ चित्रांचा अभ्यास केला, जुनी पद्धत हाताने पुन्हा उभी केली आणि विद्यार्थी घडवले. 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1908 मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय गावातच असल्यामुळे चंब्याच्या मुलाला मूळ चित्रासमोर बसता येते. हे भाग्य फार थोड्या ठिकाणी आहे. खुद्द कांगड्याने 1809 मध्ये किल्ला रणजितसिंहाला गेला तेव्हा आश्रय गमावला आणि 4 एप्रिल 1905च्या भूकंपात घरेदारे गमावली. तिथली बहुतेक श्रेष्ठ चित्रे आज दिल्ली, चंदीगड, लंडन, झुरिक इथे आहेत. म्हणजे ज्या मातीत कला रुजली तिथल्या शिष्याला आपल्या पणजोबांची रेषा छापील पुस्तकातून पाहावी लागते. छपाईत रंगाचा अंदाज येतो, पण रेषेचा दाब येत नाही.

आणि म्हणून बहुतेक ठिकाणी शिक्षण उलट टोकाने सुरू होते. विद्यार्थ्याला तयार खाका मिळतो. तो ट्रेसिंगवरून वसलीवर, म्हणजे थर चिकटवून केलेल्या कागदावर, उतरवायचा, रंग भरायचे, घोटायचे, खुलाई करायची. तांबड्या रेषेची ती चाचपडण्याची पायरी गळून जाते. हात सुंदर तयार होतो, यात शंका नाही. काही मुलींची परदाजाची सफाई पाहून थक्क व्हावे. पण दहा वर्षे शिकलेल्या हाताला कोरा कागद देऊन ‘तुझ्या गावच्या बसस्टँडवरची गर्दी मांड’ असे म्हटले तर काय होईल? बाजारही हेच शिकवतो. गिऱ्हाईक राधाकृष्ण मागते, नायिकाभेद मागते, बारामासा मागते, आणि तेही पुस्तकात पाहिलेलेच. एका चांगल्या चित्राला महिने लागतात. पोट त्यावर असलेला कलाकार नवी रचना करण्याचा धोका कशाला पत्करील? दोष त्याचा नाही. दोष आपल्या कौतुकाचा आहे. ‘हुबेहूब जुन्यासारखे’ हे आपण सर्वोच्च प्रशस्तिपत्र करून ठेवले आहे.

नैसर्गिक रंगांचेही असेच झाले. हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, लाजवर्द ही नावे माहितीपत्रकांत मंत्रासारखी येतात. हे रंग मला प्रिय आहेत. हिंगुळाच्या लालाची बरोबरी ट्यूबमधला लाल करत नाही. पण हरताळ हे सोमलाचे संयुग आहे, हिंगुळात पारा आहे, आणि तांब्याचा जंगाल हिरवा काही शतकांत खालचा कागद खातो, हे कुठल्याही जतन-प्रयोगशाळेत विचारले तरी कळेल. शिष्याला हरताळ कुटायला लावायचे तर तोंडाला पट्टी आणि धोक्याची माहिती द्यायलाच हवी. डिंकाचे प्रमाण हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. जास्त झाला की रंग तडकतो, कमी पडला की बोटाला लागतो. वसली चिकटवण्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचे, कागदाचे थर कसे चढवायचे, हे जाणणारे कारागीर कमी होत चालले आहेत. त्यांची नोंद घेण्याचे काम चित्रकाराच्या सत्काराइतकेच तातडीचे आहे.

शेजारच्या देशाने वेगळी वाट काढली आणि ती नीट अभ्यासायला हवी. जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे लॉकवुड किपलिंग 1875 मध्ये मुंबईहून लाहोरला गेले आणि मेयो स्कूलचे प्रमुख झाले. त्याच संस्थेचे पुढे नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स झाले. तिथे हाजी शरीफ, शेख शुजाउल्ला यांच्यासारख्या जुन्या घराण्यांच्या उस्तादांनी शिकवले आणि 1980च्या दशकात बशीर अहमद यांच्या प्रयत्नाने लघुचित्र हा पदवीचा स्वतंत्र विषय झाला. विद्यार्थी आधी मांडी घालून वर्षभर नकला करतो, मग स्वतःचे चित्र रचतो. शाझिया सिकंदर यांनी 1989-90 मध्ये पदवीसाठी केलेला लांबट पट याच वर्गात झाला. त्यात पांढऱ्या कपड्यांतली एक तरुणी आजच्या घराच्या खोल्याखोल्यांतून फिरते. तंत्र जुने, घर आजचे. तिथल्या सगळ्याच चित्रांविषयी मला ममत्व नाही, काहींत चलाखी फार आहे. पण तिथे वाद होतात, समीक्षा होते, विद्यार्थ्याला नापासही करता येते.

आपल्याकडे बहुतेक कला महाविद्यालयांत लघुचित्र इतिहासाच्या पेपरात राहते आणि हस्तकला विभागाच्या मेळ्यात विकले जाते. या दोन खात्यांमध्ये भिंत आहे. ती ओलांडणारे चित्रकार झाले नाहीत असे नाही. बडोद्याच्या नीलिमा शेख यांनी 1984च्या ‘चंपा’ मालिकेत एका तरुण सुनेची हुंड्यापायी झालेली हत्या छोट्या कागदांवर, लघुचित्राच्या मांडणीचे भान ठेवून रंगवली. अशी उदाहरणे चंब्यातल्या वर्गात दाखवली गेली पाहिजेत आणि चंब्याचे गुरू बडोद्याला, जे. जे.ला शिकवायला बोलावले गेले पाहिजेत. मानधनासह, आणि एका कार्यशाळेपुरते नव्हे तर पूर्ण वर्षासाठी.

हात तुटला की काय होते, हे मराठी वाचकाला दूर जाऊन पाहावे लागत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित झाले. ते पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आहे. राणी खुंजा हुमायून सत्तेवरून गेल्यावर तिच्या आकृत्यांवर रंग फासले गेले, इतका राजकीय इतिहास त्या पानांवर आहे. दख्खनी चित्रकलेच्या आरंभीच्या पुराव्यांत त्याचे स्थान अव्वल आहे. पण अहमदनगरमध्ये आज ती रेषा ओढणारे घराणे नाही, खाका नाही, गुरू नाही. कागद वाचला, कलम गेले. पहाडात अजून तसे झालेले नाही, म्हणून घाई करायची.

मुंबईकरांना तर यात करण्यासारखे बरेच आहे. कार्ल खंडालावाला हे इथले नामांकित वकील. 1958 मध्ये त्यांनी पहाडी चित्रांवर ग्रंथ लिहिला आणि त्यांचा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिथे जा, एकाच चित्रासमोर अर्धा तास उभे राहा, रंग विसरून फक्त रेषा पाहा. आणि पुढच्या वेळी हिमाचलला गेलात, एखाद्या चित्रकाराच्या दारात उभे राहिलात, तर पुस्तकातल्या राधेची नक्कल मागू नका. त्याने स्वतः रचलेले, त्याच्या सहीचे, कितीही लहान असो, एक चित्र मागा आणि त्याने सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्या.