ढोलकीवाल्याचा फोटो

भीमगीतांच्या पार्टीला आपण हार घालतो, शाल देतो, नारळ देतो. खरा अभिप्राय मात्र देत नाही. कार्यक्रम संपला की 'जयभीम, छान झाले' एवढे बोलून आपण मोकळे होतो. प्रस्थापित संगीत-समीक्षेने या गाण्याची दखल घेतली नाही ही आपली तक्रार खरीच आहे. पण आपण तरी कोणती दखल घेतली? एकीकडे अनुल्लेखाने मारणारे, दुसरीकडे कौतुकाने मारणारे, आणि मधे गाणारा एकटा.

जयंतीच्या दिवसांत मी वस्त्यांमधल्या लहान कार्यक्रमांचे फोटो काढतो. विहारापुढे मांडव, शंभर-दीडशे माणसे, एक गायक किंवा गायिका, हार्मोनियम, ढोलकी, अलीकडे कीबोर्ड, मागे कोरसला दोघे. पहिल्या वर्षी एका पार्टीचे साठेक फोटो काढले आणि मोठ्या हौसेने त्यांना नेऊन दाखवले. सगळे पाहून झाल्यावर ढोलकीवाला म्हणाला, "सर, यात मी कुठंय?" तो खरोखरच कुठे नव्हता. एका फोटोत त्याचा हात तेवढा होता.

मी खजील झालो आणि असे का झाले याचा शोध घेऊ लागलो. गायक मधोमध उभा असतो, त्याच्यावर दिवा असतो. ढोलकीवाला कडेला, उजेडाबाहेर. पाठीमागे भलामोठा पांढरा बॅनर, त्यावर बाबासाहेब लहान आणि वर्गणी देणारे पुढारी मोठे. कॅमेऱ्याचे मीटर सबंध चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढते. बॅनर लख्ख असला की ते उजेड कमी करते आणि आपल्या माणसांचे काळेसावळे चेहरे अंधारात जातात. मीटर बॅनर वाचते, माणूस वाचत नाही. फ्लॅश मारला तर चेहरा दिसतो, पण मांडवातली रात्र मरते, मागची माणसे नाहीशी होतात, आणि घामाने डबडबलेला गायक पोलिसांच्या बॅटरीत सापडल्यासारखा दिसतो.

यंत्र तरी निरपेक्ष असते असे आपल्याला वाटते. तसे ते नसते. कोडॅकच्या रंगीत छपाईत रंग जुळवण्यासाठी कित्येक वर्षे गोऱ्या बाईचा फोटो असलेले कार्ड वापरीत. त्याला शर्ली कार्ड म्हणत. गोरी कातडी नीट आली की छपाई नीट, असा तो हिशेब होता. काळ्या माणसाच्या चेहऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेला रॉय डिकॅरावा (१९१९–२००९) हा काळा छायाचित्रकार या बाबतीत आपला गुरू व्हावा असा आहे. जाझच्या वादकांचे फोटो त्याने फ्लॅशवाचून, असेल त्या उजेडात काढले. त्याची चित्रे काळोखी आहेत, पण त्या काळोखात चेहरे हरवत नाहीत. काळ्या रंगाच्या किती छटा असतात ते तिथे कळते. त्याच्या १९६० मधल्या एका प्रसिद्ध फोटोचे नावच 'कोल्ट्रेन अँड एल्विन' आहे. जॉन कोल्ट्रेन सॅक्सोफोन वाजवणारा आणि एल्विन जोन्स त्याचा ड्रमवाला. ताल धरणाऱ्याला त्याने चौकटीतही घेतले आणि शीर्षकातही.

आता मी फ्लॅश बंद ठेवतो. पन्नास मिलिमीटरची, १.८ छिद्राची साधी लेन्स, शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर, आणि मोजमाप चेहऱ्यावर. बॅनर पांढराफटक झाला तर होऊ द्यावा. लाल-निळे एलईडी दिवे चेहरा खाऊन टाकतात, म्हणून लाइटवाल्याला एक साधा बल्ब चालू ठेवायला सांगतो. ढोलकीवाल्याचा हात हलून पुसट आला तर बिघडत नाही; हात हलतच असतो.

पण खरा अवघड भाग पुढेच आहे. अमिरी बराका (तेव्हाचा लीरॉय जोन्स) याने १९६३ मध्ये 'जाझ अँड द व्हाइट क्रिटिक' या लेखात गोऱ्या समीक्षकांना धरले होते. जे जगणे या संगीताच्या मुळाशी आहे ते वगळून तुम्ही नुसत्या सुरांचे गुणदोष सांगता, असा त्याचा आक्षेप. तो रास्तच होता. आपली चूक मात्र उलटी आहे. आपण जगण्यावर, बाण्यावर भुलतो आणि सूर ऐकतच नाही. कॅमेऱ्याच्या मीटरसारखे आपणही बॅनर वाचून मोकळे होतो.

तिसाच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती जलसे घेऊन गावोगाव हिंडले ते समाजाला काही सांगण्यासाठी. ज्या माणसाला वाचता येत नव्हते त्याच्या कानात शब्द पडायचा होता. म्हणून आमच्या गाण्यात शब्द ऐकू न येणे हा नुसता गायनदोष नाही. तिथे चळवळीचेच काम अडते.

एका गायकाला मी हे तोंडावर सांगितले. कार्यक्रमाच्या रात्री नव्हे. त्या रात्री माणूस थकलेला असतो. तीन दिवसांनी, फोटो पुढ्यात ठेवून. "दादा, तुम्ही काळी चारमध्ये गाता, वरच्या जागी शिरा ताणता आणि शब्द फुटतो. हा फोटो पाहा, गळ्याच्या शिरा मोजता येतात. दोन सूर खाली या. वामनदादांचे गाणे गाता, पण मधले कडवे गाळता आणि त्यांचे नावही घेत नाही. आणि त्या कीबोर्डच्या तयार ठेक्यात ढोलकी बुडते, तो काढून टाका."

गायकाचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, तुम्ही तर आपलेच ना?"

हा प्रश्न बरेच दिवस मला टोचत राहिला. आपले म्हणजे काय? आपल्या माणसाला सवलतीचे मार्क द्यायचे? तेच तर सवर्ण समीक्षेने दलित कवितेबाबत केले होते. अनुभव दाहक आहे, कला कच्ची आहे, चालायचेच. ती पाठ थोपटणे आपल्याला अपमानाचे वाटले होते. मग शाहिराची पाठ आपण त्याच हाताने का थोपटावी?

तरीही माझा तिसरा मुद्दा चुकलाच होता. ढोलकीवाल्याने मला बाजूला घेऊन हिशेब सांगितला. पूर्वी ते दोघे ढोलकीला बसत. आता मंडळ डीजेवर वाटेल तेवढा खर्च करते आणि पार्टीच्या मानधनात घासाघीस करते. दुसऱ्या माणसाचे पैसे निघत नाहीत, म्हणून कीबोर्डचा ठेका. मी बिघाड ऐकला होता, त्याचे कारण विचारले नव्हते. माझे बोलणे खरे तर मंडळाच्या अध्यक्षाशी व्हायला हवे होते. ते पुढे झाले, पण त्याने मानधन वाढले नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

गायक मात्र खाली उतरला; आता काळी दोनमध्ये गातो. मधले कडवे परत आले, वामनदादांचे नाव गाण्याआधी घेतले जाते. चालीबाबत माझी तक्रार अजून आहे, सिनेमाच्या चालींवर तो फार विसंबतो, आणि त्यावर आमचे भांडण चालू आहे.

ढोलकीवाल्याचा फोटो मी मोठा करून दिला. तो त्याने घरात लावला आहे. पुढच्या कार्यक्रमाचे निमंत्रण त्यानेच पाठवले. सोबत निरोप होता: कॅमेरा आणा, पण या खेपेला निम्मा वेळ खाली बसून ऐका, मागच्या वेळी तुम्ही अख्खी रात्र बायाबापड्यांच्या पुढे उभे होता.