शेवटचे चार मैल : सुटकेच्या दोन पुस्तकांविषयी

आज आम्ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बोलणार आहोत. एक हेल्मुट फॉन म्युके या जर्मन नौदल अधिकाऱ्याचं 'आयेशा', १९१५ सालचं. दुसरं फेथ जॉन्स्टन या कॅनेडियन लेखिकेचं 'फोर माइल्स टू फ्रीडम', २०१३ सालचं. दोन्हींत माणसं परक्या, वैरी मुलखातून घराकडे निघालेली आहेत. पहिल्या पुस्तकातली पोचली, दुसऱ्यातली पोचली नाहीत. तरी आमच्या मते दुसरं पुस्तक अधिक खरं आहे. का, ते सांगतो.

आधी म्युकेंची हकीकत. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागणारी 'एम्डन' तुम्हाला ठाऊक असेल. ९ नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरचं तारायंत्राचं ठाणं मोडायला तिने पन्नास जण उतरवले. तेवढ्यात 'सिडनी' ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका आली आणि 'एम्डन' संपली. किनाऱ्यावर राहिलेल्यांनी 'आयेशा' नावाचं जुनं शिडाचं जहाज घेतलं आणि सुमात्रा गाठलं. पुढे एका जर्मन मालवाहू जहाजातून ते येमेनच्या होदेदा बंदरात उतरले. मुलूख तुर्कांचा, म्हणजे दोस्ताचा. पण समुद्रात इंग्रज आणि वाळवंटात टोळ्या. जेद्दाच्या वाटेवर बेदुइनांनी त्यांना तीन दिवस वेढलं, काही साथीदार मारले गेले. शेवटी हेजाझ रेल्वे सापडली आणि मे १९१५ मध्ये ते इस्तंबूलला पोचले.

पुस्तक थरारक आहे, यात वाद नाही. पण बघा, ते लढाई चालू असताना, सेनानायकाने स्वतः, आपल्या देशवासीयांसाठी लिहिलंय. हल्ला करणाऱ्यांमागे त्यांना इंग्रजांचा पैसा दिसतो. त्या टोळ्यांना स्वतःचं काही म्हणणं असेल, हा विचार अशा पुस्तकाला परवडत नाही. वेढा उठला तो मक्केच्या शरीफांच्या मुलाची तुकडी आल्यावर, आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, हेच शरीफ तुर्कांविरुद्ध उठले. कोण शत्रू आणि कोण वाचवणारा, हे किती पटकन फिरतं! पुस्तक त्याच्या आधी संपतं, म्हणून त्यातला नायक शेवटपर्यंत स्वतःच्या बळावर उभा दिसतो.

आता दुसरं पुस्तक. ही माणसं नौदलाची नाहीत, हवाईदलाची आहेत. पण धडपड तीच. १९७१ च्या युद्धात पकडले गेलेले आपले बारा अधिकारी रावळपिंडीच्या छावणीत होते. त्यातले दिलीप परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी १९७२ च्या ऑगस्टमध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, एका पावसाळी रात्री भिंतीला भोक पाडून निघाले. बसने पेशावर, पुढे जमरूद, मग खैबर खिंडीतलं लंडी कोतल. आपण पाकिस्तानी हवाईदलाचे, फिरायला आलोय, अशी बतावणी. अफगाण सरहद्द चार मैलांवर.

आणि तिथे ते कशाने अडकले? गोळीने नाही, एका नावाने. नकाशात रेल्वेचं शेवटचं स्टेशन लंडी खाना दिसत होतं, म्हणून त्यांनी तिकडे कसं जायचं ते विचारलं. ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलेलं! तिथल्या माणसाला ते ठाऊक, नकाशा पाहून आलेल्याला नाही. संशय आला तोही भारतीय असल्याचा नव्हे. बांगलादेश झाल्यावर पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने काबूलकडे पळत होते. हे तिघे त्यांच्यातलेच वाटले.

तहसील कचेरीत जीव जायची वेळ आली, तेव्हा परुळकरांना एक नाव आठवलं : उस्मान हमीद. आधी छावणीचे प्रमुख, आता पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांचे एडीसी. त्यांना फोन लागला, आणि ही आपलीच माणसं आहेत, यांना सांभाळा, असा निरोप त्यांनी दिला. तिघे जगले ते या फोनमुळे.

आमच्या मते पुस्तकाचा गाभा हा आहे. जॉन्स्टन यांनी सुटकेची कथा मागे राहिलेल्यांना धरून, डिसेंबर १९७२ मध्ये वाघ्यावरून सगळे परत येईपर्यंत नेली. त्यामुळे पळण्यामागची बेपर्वाई, त्याची इतरांना बसणारी झळ, छावणीतल्या अधिकाऱ्यांशी जमलेलं नातं, सगळं नजरेसमोर राहतं. एक उणीव मात्र जाणवते. कथा कैद्यांच्या, चाळीस वर्षांनंतरच्या आठवणींवर उभी आहे. ज्या बंगाल्यांमुळे पहारा कडक होता, त्यांचं पुढे काय झालं, हे वाचायला आम्हाला आवडलं असतं.

परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या पुण्यात गेले. त्यानंतर ही गोष्ट पुष्कळदा सांगितली गेली, आणि सांगणारे बहुतेक भिंतीपाशी आणि चार मैलांपाशीच रमले. धाडस मोठंच होतं, ते कुणी नाकारत नाही. पण गोष्ट तिथे थांबवली की उस्मान हमीद गळून पडतात, आणि मग परुळकर जिवंत पुण्याला आले कसे, हेच सांगता येत नाही. म्युकेंच्या पुस्तकाला अशी काटछाट युद्धाने करायला लावली. आपल्यावर तर तशी सक्ती नाही.

पुस्तक मिळवा आणि लंडी कोतलचं प्रकरण सावकाश वाचा. इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.