तक्त्यात नसलेला रकाना

मंडळी, आज ज्याच्यावर टीका करायची आहे ते पुस्तक नाही, नाटक नाही. एक तक्ता आहे. नववीतल्या एका मुलीच्या वडिलांनी तो मला दाखवला. नाव सांगत नाही, आपल्या पनवेलचेच आहेत. नववीत दहावीचं पुस्तक संपवायचं, दहावीत अकरावी-बारावीचं, अकरावीत बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं. प्रत्येक महिन्यासमोर प्रकरणांची नावं आणि शेवटी ‘पूर्ण’ असा रकाना. मुलगी गणितात खरोखर हुशार आहे, आणि वडिलांनी काम मन लावून केलंय. माझी हरकत आहे ती तक्त्यामागच्या कल्पनेला. गणित म्हणजे हार्बर लाइन, आणि हुशार मूल म्हणजे फास्ट लोकल! (हार्बरला फास्ट लोकल नसते, ते सोडा.)

आधी विरुद्ध बाजू. आमच्या विषयात ती शिस्त आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असाधारण असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, आणि तो पुढे अनेक दशकं चालला. अशा मुलांना पुढे जाऊ दिलं तर ती बिघडतात, ही भीती त्या अभ्यासातून बहुतांशी खोटी ठरली. त्यामुळे ‘मूल आहे, खेळू द्या’ एवढं म्हणून मी सुटणार नाही. जिला पहिल्या दोन गणितांत रीत कळली, तिच्याकडून त्याच रीतीची चाळीस गणितं करून घेणं हा छळच आहे.

पण पुढे म्हणजे कुठे? आपला अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम कॅल्क्युलसकडे धावतो. तो चौदाव्या वर्षी शिकता येतो, सूत्रं पाठ होतात, उत्तरं बरोबर येतात. उत्तर बरोबर का आलं, हे मात्र कोणी विचारत नाही. आता शेजारी पाहा. पनवेलहून लोकलनं मानखुर्दला उतरलं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशातल्या ऑलिम्पियाडचं काम तिथून चालतं. गणित ऑलिम्पियाडला कॅल्क्युलस लागतच नाही. भूमिती, संख्यांचे गुणधर्म, असमानता, मोजणीचे प्रश्न, म्हणजे पाया बहुतेक शाळेतलाच. तरीही बारावीत शंभरपैकी शंभर मिळवणारा तिथे तीन तास कोऱ्या कागदाकडे पाहत बसू शकतो, कारण तिथे सिद्धता लिहायची असते. भारतीय सांख्यिकी संस्था किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेशपरीक्षांतही तसंच, नुसत्या उत्तरावर भागत नाही. तक्त्यात सिद्धतेला एकही महिना नव्हता.

आता आपल्याकडचं उदाहरण. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. म्हणजे मुलाला चार इयत्ता पुढे ढकलायची सगळी सोय घरातच होती. घरात काय होतं? भिंतीवर फळा. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी एक आव्हानाचं गणित लिहून ठेवत. सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते पुसायचं नाही. ते गणित कोणत्या इयत्तेचं, हा प्रश्नच नाही. आणि मामा हा शिक्षक नव्हे, हेही महत्त्वाचं. त्याच्यापुढे हरायला लाज वाटत नाही. पुढे १९५७ साली नारळीकर बी. एस्सी. झाले आणि केंब्रिजला जाऊन पुन्हा पदवीच्याच अभ्यासक्रमाला बसले. आमच्या तक्त्याच्या भाषेत ही चक्क पिछेहाट! ते तिथे सीनियर रँग्लर झाले, हे तुम्हाला माहीत आहेच.

कोणी टेरेन्स ताओचं नाव घेईल. जरूर घ्या. ऑस्ट्रेलियातला हा मुलगा तेराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक घेतो. पण लहानपणी त्याला वरच्या वर्गात बसवलं ते मुख्यतः गणितापुरतं. बाकी विषयांना तो खालच्या वर्गांत होता. ती योजना दर वेळी मुलाकडे बघून बदलत गेली. आपला तक्ता जूनमध्येच पुढच्या तीन वर्षांचा छापून तयार.

मग करायचं काय, असं त्या वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, पुस्तकं राहू द्या, ‘पूर्ण’ हा रकाना काढा. त्या जागी लिहा: ‘सध्या अडलेलं गणित’. तो रकाना महिनाभर रिकामा राहिला तर गणितं सोपी आहेत असं समजा, मग खुशाल पुढचं पुस्तक उघडा. रोज नवंच काही अडत असेल तर थांबा. आणि तिच्याबरोबर डोकं खाजवायला एक-दोन मुलं शोधा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, क्लासची फी भरण्यापेक्षा अवघड.

त्यांना ते पटलं नाही. ‘सर, यात प्रगती दिसणार कशी?’ म्हणाले. प्रश्न रास्त आहे. मी त्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं गणित दिलं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. २०२५ घेतलं तर ५२२० वजा ०२२५, म्हणजे ४९९५. असंच करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच अडकतं. यात वजाबाकीपलीकडे काही नाही. प्रत्येक उत्तराला नऊनं भाग का जातो, हे मुलीनं त्याच संध्याकाळी लिहून काढलं, स्वतःच्या शब्दांत. तीन अंकांना ४९५ येतं, हेही सापडलं. पाच अंकांना मात्र एका संख्येवर का थांबत नाही, यावर ती अडून बसली आहे. तिसरा आठवडा चालू आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.