‘एरोगे!’ : विकास, समाधी आणि कामाचे तास

जपानमधील ‘क्लॉक अप’ या कंपनीने २०११ मध्ये केवळ प्रौढांसाठी असलेली एक व्हिज्युअल नॉव्हेल काढली. नाव ‘एरोगे!’, म्हणजे कामुक गेम. तिच्या उपशीर्षकात दोन शब्द जोडून येतात : ‘काइहात्सु’ आणि ‘झान्माइ’. काइहात्सु म्हणजे विकास. गेम तयार करण्याला हाच शब्द वापरतात आणि कामुक लेखनाच्या बोलीत देहाला सरावाने ‘तयार’ करण्यालाही हाच. झान्माइचे मूळ मात्र आपल्या घरचे आहे. ‘समाधी’ हा संस्कृत शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचला आणि तिथल्या बोलीत त्याला ‘एखाद्या गोष्टीत आकंठ बुडणे’ असा अर्थ आला. या श्लेषात जो विनोद आहे, त्याची तपासणी मला करायची आहे.

या प्रकाराशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. पडद्यावर चित्र असते, खाली मजकूर. अधूनमधून वाचकापुढे दोन-तीन पर्याय येतात आणि निवडीप्रमाणे कथा वळते. ‘लीफ’ या कंपनीने १९९६ मध्ये ‘शिझुकु’पासून आपल्या मालिकेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हटले आणि ते नाव रुळले. असे प्रौढ गेम काढणाऱ्या कंपन्या बहुधा लहान असतात. चित्रकार, लेखक, प्रोग्रामर अशी मोजकी माणसे असतात आणि डोक्यावर ‘मास्टर अप’ची, म्हणजे गेम अंतिम रूपात हातावेगळा करण्याची, तारीख असते.

‘एरोगे!’ची कथा अशाच कंपनीत घडते. गेमचा शौकीन नायक तिथे कामाला लागतो. जे विकायचे त्याचा अनुभवच तिथल्या तरुणींना नाही, हे त्याला कळते. इथवर उपहास झकास आहे. ग्राहकाची वासना थकल्या डोळ्यांच्या माणसांकडून मुदतीत तयार करून घेतली जाते, ही या धंद्यातली विसंगती लेखकाने नेमकी हेरली आहे. पण तिला दिलेले उत्तर पाहा : अनुभव नाही, तर तो घ्यावा, आणि तोही कामाचाच भाग म्हणून. कार्यालयातली अडचण शय्येवर सुटते आणि तारीख गाठण्याची धावपळ प्रेमकथा होते. श्लेष इथे पुरा होतो. गेमचा विकास, देहाचा विकास आणि दोन्हींत लागलेली समाधी! समाधी लागलेल्याला वेळेचे भान नसते. कामाचे तास मोजणार कोण?

याच उद्योगावरचा दुसरा उपहास शेजारी ठेवला की फरक कळतो. सेगा कंपनीने जानेवारी २००१ मध्ये ‘ड्रीमकास्ट’ या यंत्राचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि मार्चमध्ये त्याच यंत्रासाठी ‘सेगागागा’ हा गेम काढला. तो प्रौढ प्रकारातला नाही. दिग्दर्शक तेझ ओकानो. कथेत साल २०२५ आहे, सेगाच्या हाती बाजाराचा ३ टक्के हिस्सा उरला आहे आणि अतिश्रमाने तिचे कर्मचारी अक्षरशः राक्षस झाले आहेत. नायक त्यांच्याशी शब्दांनी लढून त्यांना पुन्हा कामावर आणतो. तेही शेवटी मालकाच्याच फायद्याचे, हे खरे. तरी राबून राबून माणसाचे काय होते, ते तिथे डोळ्यांसमोर दिसते.

‘एरोगे!’ला अश्लील म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. तिने धंद्याची सगळी चेष्टा केली, पण राबणाऱ्याची तक्रार प्रेमात विरघळवून टाकली.

माझा भाचा पुण्यात गेम तपासण्याचे काम करतो. प्रकाशनाची तारीख जवळ आली की त्याच्या बहुतेक रात्री कार्यालयातच जातात. त्याला मी ही कथा सांगितली. तो आधी खूप हसला. मग म्हणाला, “मामा, त्यातलं कुणी ‘आज नाही जमणार’ असं म्हणतं का?”

मी थबकलो. या प्रकारात वाचकापुढे येणारे पर्याय बहुधा कोणत्या नायिकेकडे वळायचे याचे असतात. काम नाकारण्याचा पर्याय मी कधी शोधलाच नव्हता. वाचताना माझीही समाधी लागली होती.